काळोखाचं एक गाणं आणि त्याला आलेली शेकडो पत्रं



आधीच सांगते, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. आणखी एक सूचना: विषय जरा जड आहे. आत्महत्येचा उल्लेख आहे. आज मन ठीक नसेल तर खाली शेवटी हेल्पलाइनचे नंबर दिलेत, आधी तिथे जा.

परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या गप्पांत एक प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. "मुलगा सारखा इयरफोन घालून बसलेला असतो. गाणी कसली, तर मरणाची, अंधाराची, सगळं संपल्याची. विचारलं तर म्हणतो, आई, तुला नाही कळणार. काळजी करायची का गं?"

मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण हा प्रश्न आपल्या पिढीने पहिल्यांदा विचारलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आई-बापांनी तो विचारला, तो थेट अमेरिकन सिनेटमध्ये गेला, कोर्टात गेला. त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. तो सगळा इतिहास एका गाण्याच्या आधाराने सांगते. गाणं आहे मेटॅलिका या बँडचं 'फेड टू ब्लॅक'. साल १९८४. जगण्यावरची इच्छा उडालेल्या माणसाच्या तोंडचं हे गाणं आहे, आणि ज्या मुलांना ते सगळ्यात जवळचं वाटलं, त्यांनी त्याबद्दल जे लिहून कळवलं ते मोठ्यांच्या अंदाजापेक्षा फार वेगळं होतं.

गाणं लिहिलं गेलं आपल्याच शेजारी

न्यू जर्सीकरांनी इथे जरा कान द्यावा! ईस्ट ब्रन्सविक, ओल्ड ब्रिज, एडिसन ही नावं आपल्याला किराणा, गणपती आणि मुलांचे क्लासेस यांच्यामुळे पाठ आहेत. हेवी मेटलच्या चाहत्यांना यातली पहिली दोन वेगळ्याच कारणासाठी पाठ आहेत.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ईस्ट ब्रन्सविकमध्ये रूट १८ वरच्या एका इनडोअर मार्केटमध्ये जॉन आणि मार्शा झझुला या नवरा-बायकोचा रेकॉर्ड विकायचा गाळा होता. नाव 'रॉक अँड रोल हेवन'. एक दिवस त्यांच्या हाती कॅलिफोर्नियातल्या चार पोरांची डेमो कॅसेट आली. त्यांनी त्या पोरांना न्यू जर्सीला बोलावून घेतलं. १९८३ च्या वसंतात पोरं भाड्याच्या ट्रकमधून सामानासकट अख्खा देश ओलांडून आली. काही दिवस झझुलांच्याच घरी राहिली. कुठलीच कंपनी रेकॉर्ड काढायला तयार होईना, तेव्हा या जोडप्याने स्वतःचंच लेबल सुरू केलं, 'मेगाफोर्स'. जुलै १९८३ मध्ये मेटॅलिकाचा पहिला अल्बम आला तो असा, एका संसारी जोडप्याच्या हिमतीवर.

पुढच्या जानेवारीत, १९८४ मध्ये, बॉस्टनला बँडचं सगळं सामान चोरीला गेलं. त्यात गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा आवडता मार्शल अँप्लिफायर होता, ज्याच्यासारखा आवाज त्याला दुसऱ्या कशातून मिळत नव्हता. दारू आणि मोडतोड यांमुळे मॅनेजरच्या घरातूनही त्यांना बाहेर पडावं लागलं होतं. हाती पैसा नाही, घर तीन हजार मैल लांब, वय वीस वर्षं. त्या मनःस्थितीत न्यू जर्सीतल्या एका मित्राच्या घरी हेटफिल्डने 'फेड टू ब्लॅक' लिहायला घेतलं. हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलं आहे.

आता कुणी म्हणेल, एका अँप्लिफायरसाठी एवढं? थांबा, पुढचं वाचा.

ही मुलं होती कोण?

हेटफिल्डचे आई-वडील 'ख्रिश्चन सायन्स' पंथाचे. या पंथात आजारावर डॉक्टरी उपचारांऐवजी प्रार्थनेवर भर असतो. जेम्स तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. तो सोळा वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली, आणि तिने श्रद्धेपोटी उपचार घेतले नव्हते. शाळेतही पंथाच्या नियमांमुळे आरोग्याच्या तासाला त्याला वर्गाबाहेर बसावं लागे, आणि बाकीच्या मुलांमध्ये आपण विचित्र ठरतो ही टोचणी त्याला कायम राहिली. आईबद्दलचा राग आणि दुःख त्याच्या गाण्यांत पुढेही येत राहिलं. १९९१ च्या अल्बममधलं 'द गॉड दॅट फेल्ड' आणि १९९६ मधलं 'ममा सेड' ही त्याची उदाहरणं.

ड्रमर लार्स उलरिक हा आपल्यासारखाच स्थलांतरित. जन्म डेन्मार्कचा, वडील टॉर्बेन उलरिक नावाजलेले टेनिसपटू. टेनिसमध्ये करिअर करायचं म्हणून १९८० मध्ये किशोरवयात कॅलिफोर्नियाला आला, आणि रॅकेटऐवजी ड्रमच्या काठ्या हातात घेतल्या. (किती घरांमध्ये ही गोष्ट वेगळ्या वाद्याने आणि वेगळ्या खेळाने चालू असेल!) गिटारवादक कर्क हॅमेटची आई फिलिपिनो. बासवादक क्लिफ बर्टन शास्त्रीय संगीत शिकलेला, बाखचा चाहता.

हे मुद्दाम सांगते आहे. बाहेरून पाहणाऱ्याला लांब केसांची, काळ्या टी-शर्टातली चार वाया गेलेली पोरं दिसतात. आत एक आई गमावलेला मुलगा आहे, एक परक्या देशात आलेला मुलगा आहे. अँप्लिफायर हे निमित्त झालं. साठलेलं आधीपासून होतं.

गाणं आहे तरी कसं?

फेब्रुवारी-मार्च १९८४ मध्ये कोपनहेगनच्या 'स्वीट सायलेन्स' स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेन यांच्या हाताखाली 'राइड द लाइटनिंग' हा दुसरा अल्बम रेकॉर्ड झाला. जुलैच्या शेवटी बाजारात आला. 'फेड टू ब्लॅक' हे त्यातलं चौथं गाणं, जवळपास सात मिनिटांचं.

सुरुवात साध्या अकूस्टिक गिटारने होते. हळू, जवळजवळ अंगाईसारखी. त्यावर दुसरी गिटार गाऊ लागते. मग शब्द येतात: मी स्वतःपासून दूर चाललोय, आत काहीतरी रिकामं झालंय, असा त्यांचा आशय. आपल्या गाण्यांत ध्रुवपद परत परत येतं ना, तशी गाता येणारी ओळ इथे नाहीच. तिच्या जागी जड, बिनशब्दांची गिटार येते. जणू बोलणारा बोलता बोलता अडतो आणि वाद्य पुढचं बोलतं. उत्तरार्धात वेग वाढतो, राग येतो, शेवटचे शब्द येतात आणि संपतात. पण गाणं संपत नाही. त्यानंतर लांबलचक गिटार सोलो आहे, चढत जाणारा, आणि तो वाजत असतानाच आवाज विरत जातो.

तो सोलो वाजवणारा हॅमेट त्या वेळी घरच्या आठवणीने कासावीस झाला होता. वाजवताना मुद्दाम उदास गोष्टी मनात आणल्या आणि त्याचा उपयोग झाला, असं त्याने पुढे सांगितलं. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात घरची ओढ म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

गाणं आलं तेव्हा पहिली ओरड कुणी केली असेल? आई-बापांनी नाही, चाहत्यांनीच! एवढ्या वेगवान बँडने अकूस्टिक गिटार हातात घेतली म्हणजे हे विकले गेले, मवाळ झाले. गंमत वाटते आज. पण त्या जगात हळवं होणं हाच मोठा गुन्हा होता, आणि विशीतल्या चार मुलांनी तो सगळ्यांसमोर केला.

आणि मग पत्रं आली

गाण्यावर आरोप व्हायला वेळ लागला नाही. मुलांना हे मरणाकडे ढकलतं, असं बोललं गेलं. पण हेटफिल्डने सांगितलं आहे की त्याच सुमाराला बँडकडे शेकडो पत्रं येऊ लागली. लिहिणारी बहुतेक कोवळ्या वयाची मुलं. त्यांचं म्हणणं साधारण एकच: हे गाणं आम्हाला आमचं वाटतं, आणि ते ऐकून बरं वाटतं.

बरं वाटतं! मरणाच्या गाण्याने?

गेली चाळीस वर्षं चाहते या गाण्याबद्दल एकमेकांना जे सांगत आले आहेत, त्यात काही सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

पहिला सूर: "हे मलाच होतं असं नाही." आतला रिकामेपणा हा आपलाच काहीतरी दोष आहे, असं त्या वयात वाटतं. आपल्याला आवडणारा, ताकदवान दिसणारा माणूस तेच बोलतो, तेव्हा त्या दोषाची भावना कमी होते.

दुसरा सूर: "मला शब्द नव्हते, ते मिळाले." कितीतरी जण सांगतात की आईला, मित्राला, समुपदेशकाला काय होतंय ते सांगता येईना, तेव्हा त्यांनी हे गाणं पुढे केलं. हे ऐक, असं वाटतंय मला.

तिसरा सूर शेवटच्या सोलोबद्दलचा. शब्द संपल्यानंतरही संगीत चालू राहतं, वर चढत राहतं, यात अनेकांना जगण्याची खूण दिसते. काहींना उलट दिसतं, त्यांना तो निरोपच वाटतो. एकाच सोलोवरून चाहते तासन् तास भांडू शकतात.

चौथा सूर गेलेल्यांच्या आठवणीचा. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि क्लिफ बर्टन वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. हे गाणं रचणाऱ्या चौघांत त्याचंही नाव आहे. त्यानंतर अनेकांसाठी हे गाणं आपल्या गेलेल्या मित्राचं, भावाचं गाणं झालं. ज्यांनी कुणाला आत्महत्येत गमावलं, त्यांच्यासाठी तर फारच. गेलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे त्यांना या सात मिनिटांत थोडं ऐकू येतं.

मोठ्यांनी काय केलं?

१९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या काही राजकारण्यांच्या बायकांनी एक संस्था काढली. त्यात सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर होत्या, अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सुझन बेकर होत्या. टिपर गोर यांनी अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्सचा अल्बम आणला, त्यातलं एक गाणं ऐकून त्या हादरल्या, आणि तिथून ही चळवळ सुरू झाली. त्यांनी पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी केली (मेटॅलिका त्यात नव्हतं). १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटच्या समितीसमोर सुनावणी झाली.

आई म्हणून टिपर गोर यांची भीती मला कळते. तुम्हालाही कळेल. पण त्या दिवशी साक्षीला आलेल्या गायकांचंही ऐकण्यासारखं आहे. ट्विस्टेड सिस्टरचा डी स्नायडर जीन्समध्ये आला होता. त्याने सांगितलं की माझ्या ज्या गाण्यात तुम्हाला छळ आणि अत्याचार दिसतो, ते आमच्या गिटारवादकाच्या घशाच्या ऑपरेशनच्या भीतीवर आहे. साधासोज्वळ समजला जाणारा जॉन डेन्व्हरही आला होता. डोंगरावरच्या आनंदाचं माझं गाणं नशेचं समजून काही रेडिओ स्टेशनांनी बंद केलं होतं, असं त्याने सांगितलं. दोघांचा मुद्दा एकच: जो जे शोधायला बसतो त्याला ते सापडतं.

त्या सगळ्यातून निघालं काय, तर 'पेरेंटल अॅडव्हायझरी'चा काळा-पांढरा स्टिकर. आज ऑनलाइन गाण्याच्या नावापुढे छोटा इंग्रजी 'ई' दिसतो ना, तो त्याच स्टिकरचा नातू.

मग कोर्ट. ऑझी ऑस्बॉर्नचं 'सुइसाइड सोल्यूशन' नावाचं गाणं १९८० च्या अल्बममधलं. कॅलिफोर्नियात एका मुलाने आयुष्य संपवलं, त्याच्या आई-वडिलांनी ऑझी आणि रेकॉर्ड कंपनीवर खटला भरला. 'सोल्यूशन' या शब्दाचे इंग्रजीत दोन अर्थ, उपाय आणि द्रावण. गाणं दुसऱ्या अर्थाचं आहे, दारूने स्वतःला हळूहळू मारण्याबद्दलचं, असं ऑझीचं म्हणणं. खटला टिकला नाही. १९८८ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं.

सगळ्यात गाजला तो ज्यूडस प्रीस्ट या ब्रिटिश बँडवरचा खटला. डिसेंबर १९८५ मध्ये नेवाडात दोन तरुण मित्रांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. एक तेव्हाच गेला, दुसरा तीन वर्षांनी. बँडच्या १९७८ च्या एका गाण्यात लपवलेले शब्द आहेत आणि त्यांनीच मुलांना उद्युक्त केलं, असा कुटुंबांचा दावा होता. १९९० च्या उन्हाळ्यात रीनो शहरात महिनाभर खटला चालला. गायक रॉब हॅलफर्डने कोर्टात सांगितलं की रेकॉर्ड उलटी फिरवली तर कुठलेही शब्द ऐकू येतील. न्यायाधीशांनी निकाल दिला की ते आवाज योगायोगाने जुळून आलेले आहेत, मुद्दाम घातलेले नाहीत, आणि मृत्यूला ते कारण ठरले हे सिद्ध झालेलं नाही. दोन्ही मुलांचं आयुष्य आधीपासून किती अवघड होतं, हेही सुनावणीत पुढे आलं.

त्या आई-वडिलांना हसू नका, एवढी विनंती. पोटचं मूल गेल्यावर 'का' या प्रश्नाला काहीतरी उत्तर हवं असतं. मुलाच्या खोलीत सापडलेली रेकॉर्ड हातात धरता येते, दोष देता येतो. मुलाच्या मनातलं तसं हातात धरता येत नाही.

अभ्यास काय सांगतो?

हे सगळं होऊन बराच काळ लोटला आणि त्या वेळची मुलं मोठी झाली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट युनिव्हर्सिटीच्या टाशा हाउ आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातल्या मेटलवाल्यांना गाठलं. तरुणपणी त्यांनी पुष्कळ धोक्याचे उद्योग केले होते, हे खरं निघालं. पण मागे वळून पाहताना ते त्या काळात इतरांपेक्षा जास्त आनंदी होते, आणि मध्यमवयात तुलनेने जास्त स्थिरावलेले होते. आपल्यासारख्यांचा गट मिळाला, हा त्यांचा आधार होता, असं संशोधकांचं म्हणणं.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीत लीअ शर्मन आणि जेनेव्हीव डिंगल यांनी असं संगीत नेहमी ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम राग येईल असं बोलायला लावलं आणि मग त्यांचं आवडतं संगीत ऐकू दिलं. त्याने राग भडकला नाही. मन शांत होऊ लागलं, उभारी वाटली.

म्हणजे आता चिंता सोडा, असं मी म्हणत नाही बरं का! नाण्याला दुसरी बाजू आहे. तेच संगीत काही मुलं मन मोकळं करायला वापरतात, तर काही त्याच त्या विचारात रुतून बसायला. सुवी सारिकॅलिओ, क्रिश्चन गोल्ड आणि कॅटरिना मॅकफेरन या संशोधकांनी याच फरकासाठी तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिचा रोख गाण्याच्या शब्दांवर नाही, मूल त्या गाण्याचं काय करतं यावर आहे. ऐकून झाल्यावर बरं वाटतं की आणखी वाईट? गाण्यामुळे इतरांशी जोडलं जातं की त्यांच्यापासून लपतं? आपल्याला घरी विचारायचे प्रश्न हेच.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक'ला जाऊन आलेले आई-बाबा इथे नक्की असतील. मेटॅलिकाच्या कॉपी केलेल्या कॅसेटी हातोहात फिरायच्या. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आली, तेव्हा पुण्या-मुंबईहून रेल्वेने, बसने मुलं गेली होती. त्या मुलांपैकी काही आज आई-बाप आहेत.

आणि निराशेचं गाणं तर आपल्या घराघरांत आहे. रामदासांची करुणाष्टकं आजीसोबत म्हटली असतील तुम्ही. मनाचा तळ गाठलेल्या माणसाची ती विनवणी आहे. तुकोबांच्या अभंगांतही कितीतरी ठिकाणी संपूर्ण हताश माणूस बोलतो. सुरेश भटांनी मरणावर लिहिलं आणि आपण ते मैफलीत दाद देत ऐकलं. ती ऐकून कुणी आपल्याला डॉक्टरकडे नेलं नाही.

फरक इथे आहे: करुणाष्टकं आपण चारचौघांत, दिवेलागणीला, मोठ्याने म्हणत होतो. आपलं मूल तेच काम एकटं, दार लावून, कानात बोळे घालून करतं. शिवाय आपल्या घरात आणखी एक दरी असते, भाषेची. "मला उदास वाटतंय" हे वाक्य मुलाला मराठीत कधी लागलंच नाही. त्याची मराठी जेवण, अभ्यास आणि आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलपुरती. त्याच्या दुःखाची भाषा इंग्रजी आहे, आणि ते दुःख इंग्रजीत आपल्याशी बोलायला त्याला अवघडल्यासारखं होतं. अशा वेळी गाणं हा पूल होऊ शकतो. कारण त्यात कुणाला काही बोलावं लागत नाही, फक्त सोबत ऐकावं लागतं.

गाणाऱ्याचं पुढे काय झालं?

८ ऑगस्ट १९९२ ला मॉन्ट्रियलमध्ये हेच गाणं चालू असताना हेटफिल्ड मंचावरच्या आतषबाजीच्या ज्वाळेत सापडला. डावा हात वाईट भाजला. सतरा दिवसांनी तो पुन्हा मंचावर आला, हाताला बँडेज, गिटार दुसऱ्याकडे, आणि हा फक्त गायला. २००१ मध्ये तो व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला. २०१९ मध्ये पुन्हा जावं लागलं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे कार्यक्रम रद्द झाले.

मे २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते इथे हजारो लोकांसमोर तो म्हणाला की मंचावर येण्याआधी मला फार असुरक्षित वाटत होतं, वय झालं, आता वाजवता येत नाही असं वाटत होतं. मी हे या तिघांना सांगितलं, त्यांनी मला मिठी मारली. तेवढ्यात बाकीचे तिघे मंचावरच त्याच्याजवळ आले आणि त्याला कवेत घेतलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडपैकी एकाचा गायक. वीस वर्षांचा असताना हेच त्याला फक्त गाण्यात सांगता आलं होतं.

२०२३ मध्ये बँडचा अल्बम आला '७२ सीझन्स'. वर्षाचे चार ऋतू धरले तर ७२ ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं. तू कोण आहेस हे त्या वर्षांत आई-वडील आपल्याला सांगतात, आणि मोठेपणीचं बरंच आयुष्य त्याचेच पडसाद म्हणून जगलं जातं, अशी हेटफिल्डने त्यामागची कल्पना सांगितली. त्यातल्या एका गाण्याच्या शीर्षकात 'सुइसाइड' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. हा शब्द उच्चारायचाच नाही असा जो अलिखित नियम आहे तो मोडावा, आतल्या अंधाराबद्दल बोलता यावं, असं त्याचं म्हणणं.

मग आपण काय करायचं?

या इतिहासातून मला जे दिसलं ते सांगते.

गाणं बंद करू नका. बंद केलेलं गाणं पुन्हा सापडतं, गेलेला विश्वास लवकर सापडत नाही. त्यापेक्षा "मला ऐकव ना" म्हणा, आणि पूर्ण ऐका. मध्येच "हे काय रडगाणं" असं म्हणू नका. मग एकच प्रश्न: "यातलं तुला काय आवडतं?" उत्तर 'गिटार' असेल तर ते खरंच गिटार असू शकतं!

पण मूल मित्रांना टाळू लागलं, झोप-जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टी सोडल्या, स्वतःच्या वस्तू वाटून टाकू लागलं, किंवा "मी नसलो तर बरं" असं काही बोललं, तर प्लेलिस्टवर चर्चा करत बसू नका. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते ही भीती खोटी आहे, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. आणि मदत मागताना "लोक काय म्हणतील" हे गावी ठेवून या.

नंबर लिहून ठेवा. अमेरिका आणि कॅनडा: ९८८. ब्रिटन आणि आयर्लंड, समॅरिटन्स: ११६ १२३. इस्रायल, एरान: १२०१. ऑस्ट्रेलिया, लाइफलाइन: १३ ११ १४. भारतात आई-बाबा, भावंडं असतील त्यांच्यासाठी टेली-मानस: १४४१६. आखातात, मॉरिशसमध्ये किंवा इतरत्र असाल तर शाळेचे समुपदेशक, फॅमिली डॉक्टर आणि तातडीच्या वेळी तिथला आपत्कालीन नंबर. तुमच्या देशातली खात्रीची हेल्पलाइन माहीत असेल तर खाली लिहा, पोस्टमध्ये घालते.

आणि आता तुमची पाळी. तुमच्या घरात सध्या कुठलं 'अंधाराचं' गाणं वाजतंय? मुलांनी त्याबद्दल तुम्हाला काय सांगितलं? किंवा तुमच्याच तरुणपणी असं एखादं गाणं होतं का, मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठलंही, ज्याने एखादी वाईट रात्र निभावून नेली? कमेंटमध्ये लिहा. मुलांचं लिहिताना त्यांना विचारून लिहा आणि नावं घालू नका, एवढंच.